कपबशी, वॉर्ड आणि ‘आती हूँ’

आमच्या वॉर्डाच्या निवडणुकांचा इतिहास कोणी लिहायला घेतलाच, तर माझ्या वाट्याला दोन ओळी येतील आणि दोन्ही ओळींत ‘जमानत जब्त’, म्हणजे डिपॉझिट गेलं, हे शब्द असतील. माझ्या बायकोच्या वाट्याला एकच ओळ येईल, पण तिची जमानत वाचली होती. हा फरक ती कधी बोलून दाखवत नाही. मात्र कोणी पाहुणा निवडणुकीचा विषय काढला, की ती पदर सावरून जरा सरळ बसते, आणि ते मला बरोबर दिसतं.

आधी वॉर्ड सांगतो, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. रायपुरात जिथे जाल तिथे तलाव, तसा आमच्याही वॉर्डाच्या मधोमध एक. तलावाच्या अलीकडे आमची मराठी गल्ली. निम्मी घरं माझ्यासारखी, विदर्भातून रेल्वेत किंवा सरकारी हापिसात लागून इथे आलेली. चार-दोन घरं मराठ्यांच्या राजवटीपासूनची, जी आम्हाला वीस वर्षांनंतरही ‘नवे आले ते’ म्हणतात. चौकाच्या बाजूला व्यापारी, त्यांची कपड्याची दुकानं पंडरीच्या बाजारात. आणि तलावाच्या पलीकडे पारा. पारा म्हणजे इथे वस्ती, थर्मामीटरमधला नव्हे. तिथली माणसं शहराबाहेर उरला म्हणून भाग आहे, तिथल्या कारखान्यांत पाळीनं जातात, बाया भाजी विकतात नाहीतर घरकाम करतात. वॉर्डातली तोंडं सगळी आमच्या गल्लीत आणि मतं सगळी पाऱ्यात, असा सरळ हिशेब आहे. तो मला तीन निवडणुका हरल्यावर समजला.

मला पार्षद व्हायचं होतं. महाराष्ट्रात ज्याला नगरसेवक म्हणतात, त्याला आमच्याकडे पार्षद म्हणतात. काहून व्हायचं होतं, तर खरं सांगतो, समाजसेवा वगैरे मागाहून सुचली. मला दगडावर नाव पाहिजे होतं. आमच्या शहरात नाली बांधली तरी तिच्या तोंडाशी लोकार्पणाचा दगड बसतो आणि त्यावर पार्षदाचं नाव कोरलेलं असतं. रेल्वेच्या हापिसात मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सहीचे कागद तयार केले, माझं नाव कुठे आलं तर हजेरीच्या रजिस्टरात. तलावाच्या तुटक्या पायऱ्यांवरून जाताना मी रोज मनाशी म्हणायचो, या पायऱ्या आपण नीट करायच्या आणि इथे कोपऱ्यात एक दगड बसवायचा. दगडाची जागासुद्धा मी हेरून ठेवली होती.

पहिल्यांदा उभा राहिलो तो रायपूर राजधानी व्हायच्या आधी. घरच्या कारणासाठी म्हणून रजा टाकून, भावाच्या नावावर बिल करून पोस्टर छापून हे उद्योग कसे केले, ते आता विचारू नका, रिटायर होऊन बरेच दिवस झाले. पार्टीनं तिकीट दिलं नाही म्हणून अपक्ष. चिन्ह मिळालं कपबशी. किती मतं पडली ते सांगत नाही, पण आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या आरतीला त्याहून जास्त लोक असतात, आणि आरतीला येणारा प्रत्येक माणूस मला म्हणाला होता, “आपलंच मत आहे भाऊ तुम्हाले.” मी घरी येऊन बायकोला विचारलं, “तू तरी दिलं ना मत मले?”

ती तूर निवडत होती. म्हणाली, “मतदान गुप्त असते.”

“अवं, नवऱ्यापासून गुप्त?”

“तसं काही लिहिलेलं नाही कुठं, की नवरा सोडून.”

तेवढ्यावर विषय संपला. मी मात्र त्या रात्री जेवलो नाही. सकाळी दुप्पट जेवलो.

मग नवं राज्य झालं आणि रायपूर त्याची राजधानी. एका साली जिल्ह्याचं गाव असलेलं शहर दुसऱ्या साली राजधानी म्हणवून घ्यायला लागलं, की माणसं कशी होतात ते मी पाहिलं आहे. शंकर नगरात मंत्र्यांचे बंगले, लाल दिव्याच्या गाड्या. चौकातल्या न्हाव्यानं पाटीवर दुकानाच्या नावाआधी ‘राजधानी’ रंगवून घेतलं आणि दाढीचे पैसे वाढवले. ज्याच्या त्याच्या अंगात पुढारी शिरला, मग माझ्याही अंगात पुन्हा शिरला. नव्या राजधानीतल्या पार्षदाचा दगड म्हणजे काही साधा दगड नाही, असं मी हापिसात चार लोकांत बोललोसुद्धा.

कोणता वॉर्ड कोणासाठी राखीव, याची सोडत निघाली. मी स्वतः ऐकायला गेलो होतो. आमच्या वॉर्डाची चिठ्ठी उघडली, ‘महिला’. माझं तोंड कडू झालं. माझ्या शेजारी चौकातला एक कापड व्यापारी बसला होता, त्याचंही झालं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघांनाही आपापली बायको एकाच वेळेस आठवली.

घरी आलो. बायको पोळ्या लाटत होती. म्हटलं, “तुले पार्षद व्हायचं आहे.”

“मले काय समजते त्यातलं?”

“तुले काही समजायची गरज नाही. समजायले मी आहो ना. तू फक्त हात जोडून चालायचं.”

तिनं तव्यावरची पोळी उलटली. मग म्हणाली, “चालीन. पण एक सांगून ठेवते, मी लोकाइले खोटं बोलणार नाही. पाणी आणून देतो, रस्ता करून देतो, असं काही माह्या तोंडून निघायचं नाही.”

मी म्हटलं, “नको बोलू. खोटं बोलायले मी आहो.”

आमच्या पोस्टरांवर माझा फोटो तिच्या फोटोपेक्षा मोठा होता. पेंटर म्हणाला, उमेदवार कोण ते नीट समजत नाही. मी म्हटलं, ज्याला समजायचं त्याला समजते. चिन्हांचं वाटप झालं आणि देवाची करणी, पुन्हा कपबशी. मला फार आनंद झाला, कारण मागच्या खेपेच्या चिन्हाच्या पताका आणि फलक सगळे माळ्यावर पडून होते. नुसता नावाचा भाग नवा रंगवला. आमची पोट्टी तेव्हा कॉलेजात होती. मराठी सगळं समजते तिला, पण उत्तर हिंदीत. ती म्हणाली, “पापा, इस बार भी कप-प्लेट? अपशकुन है.” मी तिला गप्प केलं.

आता मुद्द्याचं सांगतो, लक्ष देऊन वाचा. कपबशी हे चिन्ह घेऊन तुम्ही कोणाच्या दारात गेलात, की समोरची बाई हसून काय म्हणेल? “आओ दीदी, चाय पी लो.” पाऱ्यातल्या प्रत्येक घरात हेच. गल्लीत माझी बायको काकू, पाऱ्यात ती दीदी. आणि माझ्या बायकोला पित्त. दिवसाचे दोन चहा झाले की तिसऱ्याला छातीत जळजळ. मग ती दारात उभी राहून हात जोडायची, पत्रक द्यायची, आणि चहाचं नाव निघालं की मागे सरकत म्हणायची, “नहीं नहीं, आती हूँ. आती हूँ हं.”

यात चुकीचं काय, ते तुम्हाला समजलं का? मला नव्हतं समजलं. मी तिच्या शेजारी उभा होतो प्रत्येक दारात, माझ्या कानाला काही खटकलं नाही. कारण आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. ‘जाते’ म्हटलं की अशुभ. लहानपणापासून आईच्या हातचा धपाटा खाल्लेला असतो, ‘जाते काय म्हणतेस, येते म्हण.’ माझ्या बायकोचं हिंदी म्हणजे आतून मराठीच, वरून नुसता हिंदीचा कोट घातलेला. ‘येते हं’चं तिनं ‘आती हूँ हं’ केलं आणि पुढच्या घरी निघाली. आमच्या गल्लीतल्या हिंदी शेजाऱ्यांना याची वर्षानुवर्षांची सवय. पाऱ्याला नव्हती.

मतदानाला चार दिवस राहिले होते. पाऱ्यातल्या बोरिंगवर मी एकटाच पत्रकं वाटत गेलो. पाणी भरणाऱ्या बाया मला पाहून हसल्या आणि त्यातली एक गाण्यासारखं म्हणाली, “चाहा जुड़ागे, दीदी नइ आइस.” बाकीच्यांनी ते उचललं आणि सगळ्या हंडे वाजवत म्हणायला लागल्या.

मला छत्तीसगढी येते असं मी तोवर समजत होतो. वीस वर्षं राहिलो होतो इथे, ‘हव’ म्हणायचं, ‘का होगे’ विचारायचं, झालं. मी मनात अर्थ लावला. चाहा म्हणजे आपली कपबशी. जुड़ागे म्हणजे जुड़ गए, सगळे जोडले गेले. दीदी नइ आइस, म्हणजे दीदी अजून निवडून आली नाही, आणायची बाकी आहे. काय सुंदर नारा आहे, आणि तोही जनतेनं आपणहून केलेला. माझा ऊर भरून आला. मी म्हटलं, “शाबाश, और ज़ोर से.” त्या बाया इतक्या हसल्या की एकीचा हंडा कलंडला. मी घरी येऊन तो नारा प्रचाराच्या रिक्षावरच्या माणसाला लिहून दिला. दोन दिवस तो आमच्याच भोंग्यावरून, आमच्याच पैशानं, सगळ्या वॉर्डात फिरला.

जुड़ाना म्हणजे छत्तीसगढीत थंड होणं. चहा गार झाला, दीदी काही आली नाही.

आम्ही हरलो. पाऱ्यातली पेटी उघडेपर्यंत आम्ही पुढे होतो, नंतर नव्हतो. व्यापाऱ्याची बायको निवडून आली आणि हार व्यापाऱ्याच्या गळ्यात पडले. ती बिचारी मागे ऑटोत बसून होती. झेंडूचे ते जाडजूड हार पाहून मला जे वाटलं ते मी लपवत नाही. मला वाटलं, ही मान माझी असायला पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाली दाई आली. पाऱ्यातली ही म्हातारी रोज आमच्या गल्लीत टोपली घेऊन येते, वयानं मोठ्या बाईला इथे दाईच म्हणतात. मी तोंड फिरवून पेपर वाचत बसलो. बायकोनं मात्र लालभाजीची जुडी हातात घेत सरळ विचारलं, “दाई, हमारे को मत काहून नहीं दिए आप लोग?”

दाईनं टोपली खाली ठेवली. म्हणाली, “तैं कहे रहे, आती हूँ. हमन चाहा चढ़ा के बइठे रेहेन. पूरा पारा बइठे रिहिस. तैं नइ आए.” म्हणजे सगळा पारा चहा चढवून हिची वाट पाहत बसला होता.

बायकोला समजेना. ती म्हणाली, “मैं तो जा रही थी ना, इसलिए बोली आती हूँ.”

दाई तिच्याकडे पाहत राहिली. म्हातारी सत्तरीची असेल, पण असलं वाक्य तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

आमची पोट्टी दात घासत बाहेर आली होती. ब्रश तोंडातून काढून म्हणाली, “मम्मी, हिंदी में ‘आती हूँ’ मतलब सच में आती हूँ.” आणि मग आत जाऊन इतकी हसली की तिला ठसका लागला.

मीही हसलो असतो, पण बायकोचा चेहरा पाहिला. ती उंबऱ्यावरच बसली. भाजीची जुडी मांडीवर तशीच. म्हणाली, “अगं बाई. म्हणजे घरोघरी दूध वाया घालवलं मी. साऱ्या पाऱ्यात मी खोटी पडली.” निवडणूक हरल्याचं तिला काही वाटलं नव्हतं, रात्री शांत झोपली होती. हे मात्र तिला लागलं. तिनं दाईला विचारलं, “आज आऊँ? सच में आऊँ?” दाई म्हणाली, “हव, आ जा.”

आणि ती गेली. त्या दिवशी दुपारी दोन घरी, दुसऱ्या दिवशी आणखी दोन. ज्या ज्या दारात ‘आती हूँ’ म्हटलं होतं, त्या प्रत्येक दारात जाऊन बसून चहा प्यायचा असं तिनं ठरवलं. मी डोक्याला हात लावला. “अवं, हरल्यावर कोण प्रचार करते? लग्न झाल्यावर वाजंत्री लावून राहिली तू.” ती पित्ताची गोळी पदराला बांधायची आणि निघायची. दारातून सवयीनं म्हणायची, “येते हं.” मी आतून ओरडायचो, “मराठीत का हिंदीत?” पहिल्या दिवशी तिला राग आला, मग ती हसायला लागली, मग ते आमच्या घरात रोजचंच झालं. ती बाजारात निघाली, हळदीकुंकवाला निघाली, माहेरी निघाली, मी विचारणारच, मराठीत का हिंदीत.

चहा पिताना माणसं बोलतात. एकीचं राशन कार्ड अडलं होतं, एकीच्या नवऱ्याला कारखान्यात हाताला लागलं होतं आणि भरपाईसाठी कागद मिळत नव्हता, कोणाच्या दारात नालीचं पाणी. बायको घरी येऊन सांगायची आणि माझ्यापुढे कोरा कागद ठेवायची. “लिहा.” अर्ज लिहायला मात्र मी एक नंबर. रेल्वेनं तीस वर्षं मला दुसरं शिकवलं काय? ‘सविनय निवेदन है कि’ इथून सुरुवात केली की साहेबाला सही करेपर्यंत श्वास घ्यायला जागा नाही. लिहायचो, पण चिडून लिहायचो. हे काम त्या व्यापाऱ्याचं. पार्षद त्याची बायको, हार त्याच्या गळ्यात आणि अर्ज माझ्या मानेवर. मी एकदा म्हटलंसुद्धा, “त्याइच्याकडे पाठव ना लोकाइले.” ती म्हणाली, “तिथं चहा नाही देत.”

तलावाच्या पायऱ्यांचा अर्ज मी आठ वेळा लिहिला. नवव्या वेळेस मंजूर झाला. पायऱ्या झाल्या, चांगल्या झाल्या. आणि एक दिवस कोपऱ्यात, मी हेरलेल्या अगदी त्याच जागी, काळाभोर दगड बसला. त्यावर व्यापाऱ्याच्या बायकोचं नाव, खाली तिच्यापेक्षा मोठ्या अक्षरांत व्यापाऱ्याचं. मी दगडासमोर किती वेळ उभा होतो, आठवत नाही. घरी येऊन म्हटलं, “माह्या दगडावर त्याचं नाव आहे.” बायको म्हणाली, “पायऱ्या तर झाल्या ना.” मी म्हटलं, “पायऱ्या कोणाले पाहिजे होत्या?” हे तोंडातून निघून गेलं. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं.

पाच वर्षं गेली. पुन्हा सोडत. या खेपेस वॉर्ड सगळ्यांसाठी खुला. मी तोवर रिटायर झालो होतो, म्हणजे रजेची कटकटही नाही. मला तर आभाळ ठेंगणं झालं. पाच वर्षं पाऱ्याचे अर्ज कोणी लिहिले, मी. चहा तिनं प्यायला असेल, शाई माझी आटली होती. गल्लीतले लोक म्हणाले, “काकूंना उभं करा, हमखास येतील.” मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रात्री जेवताना बायकोला म्हटलं, “या टायमाले मीच उभा राहतो.”

तिनं ताटात वरण वाढलं. “राहा ना. मी कुठं नाही म्हणून राहिली.”

“तुले राहायचं होतं का?”

“मले काय करायचं आहे. दगडाचं येड तुम्हाले.” मग म्हणाली, “पाऱ्यात जा स्वतः. बसा लोकाइपाशी.”

मी गेलो ना. घरन् घर फिरलो. आणि एक गोष्ट मी पक्की केली होती. जी चूक हिनं केली, ती आपण करायची नाही. मी पाच वर्षं हसलो होतो त्या चुकीवर, ती माझ्या हातून होणं शक्यच नव्हतं. चहाचं नाव निघालं की मी छातीवर हात ठेवून स्वच्छ हिंदीत सांगायचो, “नहीं बहन, शुगर है. चलता हूँ.” कोणाला वाट पाहायला लावली नाही, कोणाचं दूध वाया घालवलं नाही. मी बसत नव्हतो, हे खरं. दारं पुष्कळ, दिवस थोडे. प्रत्येक दारात बाया माझ्या मागे पाहायच्या. “दीदी नइ आए हे?” मी म्हणायचो, दीदी घरी आहे, उमेदवार मी आहे. मग त्या “हव” म्हणायच्या. छत्तीसगढीत ‘हव’ म्हणजे हो. पण प्रत्येक ‘हव’ हो नसते, हे मला त्या निवडणुकीत समजलं.

निकालाच्या दिवशी मी लवकरच घरी आलो. थांबण्यासारखं काही नव्हतं. बायकोनं पाणी दिलं, बाजूला बसली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “मनाले लावून घेऊ नका. मी या टायमाले तुम्हालेच दिलं मत.”

मी ग्लास खाली ठेवला. “या टायमाले?”

ती उठून स्वयंपाकघरात गेली.

दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. तिसऱ्या दिवशी दाई आली, तिच्याजवळ भाजीची टोपली नव्हती. हातात म्हातारपणाच्या पेन्शनचा कागद होता, सहा महिन्यांपासून अडकलेला. माझ्यापुढे पायरीवर बसली आणि कागद पुढे केला. काही शरम नाही, काही संकोच नाही. माझं डोकं तापलं. पेन उघडलं आणि तसंच धरून विचारलं, “दाई, पाँच साल तुम्हारे पारा का अर्जी मैं लिखा. मत क्यों नहीं दिए?”

दाईनं मला नीट पाहून घेतलं. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, जशी भाजीचा भाव सांगते तसं तिनं सांगितलं. “दीदी हर कहे रिहिस, आती हूँ. देर होइस, फेर आइस. तैं दुआरी ले कहे, चलता हूँ. त हमन कहेन, जा बाबू.”

दीदी म्हणाली येते, उशिरा का होईना आली. तू दारातूनच म्हणालास निघतो, तर आम्ही म्हटलं, जा.

मला रागही आला नाही, हे जास्त वाईट. इतकी वर्षं मी पाऱ्याचे अर्ज लिहिले, आणि पाऱ्यातल्या एकाही घराच्या आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. माझ्यापुढे बसलेल्या या म्हातारीच्या घराला खिडकी आहे की नाही, घरात दुसरं कोण आहे, हे मला सांगता आलं नसतं. माझ्या बायकोला सगळ्यांच्या सुना-नातवंडांसकट पाठ होतं. मला लाज वाटली, चांगली सणसणीत लाज वाटली.

मी मान खाली घालून दाईचा अर्ज लिहिला. ‘सविनय निवेदन है कि’ लिहिलं आणि पुढे पहिल्यांदाच तिला विचारत विचारत लिहिलं. किती लेकरं, किती राहिली, नवरा केव्हा गेला. लिहिता लिहिता मी दगडाचं विचारलं. तिथे काही लिहिलेलं आहे, ते पाऱ्यातले लोक वाचतात का? दाई म्हणाली, “कोन पथरा?” मग तिला आठवलं. तो होय, त्याच्यावर ऊन चांगलं पडतं, म्हणून ती त्याच्यावर गोवऱ्या थापते. व्यापाऱ्याच्या नावावर दोन, त्याच्या बायकोच्या नावावर एक. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा हसू आलं.

दाईनं अर्जावर अंगठा दिला, कागद पदरात गुंडाळला आणि फाटकाकडे निघाली. मी ओट्यावर उभा होतो. तोंडात शब्द आला, पण बाहेर काढायला वेळ लागला.

“दाई,” मी म्हटलं, “आता हूँ.”

दाई फाटकाशी थांबली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाजही थांबला, आणि आतून बायकोनं विचारलं, “मराठीत का हिंदीत?”

“हिंदीत,” मी म्हणालो, आणि चपला घातल्या.